घमेल्यापासून मोजमाप पुस्तिकेपर्यंत : खान्देशातल्या मुलींसाठी बांधकामाची वाट

सकाळी आठच्या सुमाराला जळगाव, धुळे, भुसावळ, कुठल्याही गावातल्या मजुरांच्या ठिय्यावर जाऊन बघा. डबा, पाण्याची बाटली आणि डोक्याला बांधायचं फडकं घेऊन बसलेल्या बाया दिसतील. घमेली त्याच वाहतात, विटा त्याच चढवतात, स्लॅबला पाणी त्याच मारतात. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती सारवण्यातही बायकांचेच हात होते. त्यामुळे ‘बांधकामात बाई कुठे असते’ असं कोणी म्हटलं की मला राग येतो. बाई आहेच. ती वर्षानुवर्षं घमेल्यापाशी थांबलेली आहे, कारण टेप, ओळंबा, नकाशा आणि झालेल्या कामाची मापं लिहायची मोजमाप पुस्तिका तिच्या हातात कोणी दिली नाही.

मी पदविका करून साइटवर आले त्याला आता अठरा वर्षं झाली. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या मिस्त्रीमामांनी विचारलं होतं, “पोर, तू आठे काय करस?” (तू इथे काय करतेस?) त्या प्रश्नाचं उत्तर मला तोंडानं देता आलं नाही. दीड महिन्यानं एका खोलीचा कोपरा काटकोनात नसल्याचं मी टेप लावून दाखवलं, आणि मामांनी स्वतःहून दोरी सोडून पुन्हा बांधली. साइटवर अधिकार मोजमापातून येतो, हे मी तिथे शिकले. पुढे जे सांगते आहे त्यातलं बहुतेक याच एका गोष्टीभोवती आहे.

कोणत्या दारातून आत शिरायचं

दहावी झाली असेल तर सिव्हिलची तीन वर्षांची पदविका हा मला सगळ्यात भरवशाचा रस्ता वाटतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतन आहे. घरापासून फार लांब जावं लागत नाही, आणि अठरा-एकोणीसाव्या वर्षी हातात कामाची पात्रता येते. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणून पदवीचा दरवाजा बंद होत नाही. बारावी विज्ञान करून सीईटी देणाऱ्या मुलींना जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शिरपूर, धुळे, बांभोरी इथेही महाविद्यालयं आहेत. माझा अनुभव असा, की पदविका करून पदवीला गेलेल्या मुली साइटवर लवकर रुळतात.

आयटीआय म्हणजे कमी प्रतीचं शिक्षण, हा समज घरातून काढून टाका. ड्राफ्ट्समन सिव्हिल आणि सर्व्हेअर हे दोन ट्रेड मुलींनी मनावर घ्यावेत असे आहेत. सर्व्हेअरला ऑटो लेव्हल आणि टोटल स्टेशन ही मोजणीची यंत्रं चालवता आली की रस्ते, कालवे, रेल्वे सगळीकडे काम असतं. मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. तो धुळे जिल्ह्यातून जातो, आणि अशा कामावर सगळ्यात आधी लागतो तो सर्व्हे करणारा माणूस. आयटीआय झाल्यावर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची सोयही आहे.

चौथं दार आज घमेलं वाहणाऱ्या बाईसाठी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) गवंडी प्रशिक्षणाचा ४५ दिवसांचा कार्यक्रम आहे. त्यात खरं घरकुल बांधता बांधता शिकवतात. आपल्या गावात तो कधी लागणार हे ग्रामसेवकाला आणि पंचायत समितीच्या घरकुल कक्षात विचारत राहा. तोपर्यंत जेवणाच्या सुट्टीत गवंड्याची थापी मागून घ्या. आतल्या भिंतीचा गिलावा आणि फरशीचे सांधे भरणं, इथून सुरुवात होते. फरशी बसवण्याच्या कामात नजर आणि चिकाटी लागते, आणि बिगाऱ्यापेक्षा कारागिराची हजेरी खूप वरची असते. एकाच कामाला बाई आणि पुरुष यांना समान मजुरी, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९७६ पासून आहे. पण ‘काम एकच आहे’ हे दाखवायला हातात थापी असावी लागते.

आणखी एक. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करा. वय १८ ते ६० आणि वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम, एवढी अट आहे. दाखला ठेकेदार देतो किंवा ग्रामसेवक. ठेकेदार टाळाटाळ करत असेल तर ग्रामसेवकाकडे जा. नोंदणी असलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना शिक्षणासाठी मदत मिळते : पदविकेला वर्षाला २० हजार, अभियांत्रिकी पदवीला ६० हजार रुपये. म्हणजे आज घमेलं वाहणाऱ्या आईच्या नोंदणीवर तिची मुलगी इंजिनिअर होऊ शकते. नूतनीकरण मात्र चुकवू नका.

घरचे आणि फी

घरी दोन अडचणी निघतात. एक म्हणजे, ‘हे काय मुलीचं काम आहे का?’ तेव्हा शकुंतला भगत यांचं नाव सांगा. १९५३ साली त्यांनी मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिलची पदवी घेतली आणि पुढे पोलादी पुलांची स्वतःची पद्धत विकसित केली. सत्तर वर्षांपूर्वी जमलं ते आज न जमायला काय झालं?

दुसरी अडचण पैशाची, आणि ती खरी आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतूनच झालेला पाहिजे. संस्थेच्या कोट्यातून घाईनं प्रवेश घेतला की ही सवलत हातची जाते, दरवर्षी काही पालक इथेच फसतात. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीई, तिची ‘प्रगती’ शिष्यवृत्तीही आहे : वर्षाला ५० हजार, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास हे कागद दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीतच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते आणि सर्व्हर बंद असतो.

शिकत असताना काय करायचं

गुणांकडे लक्ष द्याच, पण सुट्टीत एखाद्या साइटवर जा. पगार मागू नका, फक्त बघायची परवानगी मागा. नकाशे काढायचं ऑटोकॅड शिका, मात्र त्याआधी एक्सेल पक्कं करा, कारण पहिल्या नोकरीत नकाशा काढण्यापेक्षा बिल आणि सळईचं वेळापत्रक जास्त वेळा हातात येतं. आणि दुचाकी चालवायला शिका, परवाना काढा. साइट एरंडोलच्या पुढे असेल आणि तुम्ही बसवर अवलंबून असाल तर स्लॅबच्या दिवशी सकाळी सहाला कशा पोचणार?

पदविका किंवा पदवी झाल्यावर लगेच नोकरी लागली नाही तर केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी योजनेत एक वर्ष विद्यावेतनासह काम करता येतं. घरी बसण्यापेक्षा ते शंभरपट चांगलं.

पहिली नोकरी

मुलीला ठेकेदार बहुधा म्हणतो, “मॅडम, तुम्ही ऑफिसात बसा, बिलं बघा.” सोयीचं वाटतं. पण पहिली दोन वर्षं तरी साइट सोडू नका. पाया कधी पाहिलाच नाही त्या इंजिनिअरच्या बिलावर मिस्त्री हसतो. तुमच्या नेमणुकीत ‘साइट’ हा शब्द आहे का ते बघा. नेमणूकपत्र, पगाराची तारीख, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, साइटवर शौचालय आहे का आणि गाडीचा पेट्रोल खर्च कोण देणार, हे सगळं रुजू होण्याआधी विचारा. शौचालयाचं विचारायला लाजू नका. मी लाजले. दिवसभर पाणीच प्यायचे नाही, आणि खान्देशच्या उन्हाळ्यात त्याची किंमत मूत्रमार्गाच्या दुखण्यानं मोजली.

पहिले सहा महिने : इथेच सगळं ठरतं

एक वही घ्या. मोबाइलवर नको, बांधीव पानांची वही. रोज संध्याकाळी त्यात तारीख, किती पुरुष आणि किती बाया कामावर होत्या, सिमेंटची किती पोती आली, किती वापरली, किती उरली, काय काम झालं, कोणी काय सांगितलं, नकाशाचा क्रमांक काय, एवढं लिहा. पहिल्या नोकरीत माझ्यावर सळई कमी भरल्याचा ठपका आला होता. माझ्या वहीत प्रत्येक गाडीचं वजन काट्याच्या पावतीसह लिहिलेलं होतं, म्हणून मी वाचले. तो ठेकेदार पुढे काही बोलला नाही.

मग मोजायला शिका. थोडंसं, पण पक्कं.

सळईचं वजन : व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. मीटरमागे किलो मिळतात. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो, म्हणजे १२ मीटरची एक नग साधारण पावणेअकरा किलोची. गाडी उतरताना नग मोजून गुणाकार करा आणि पावतीशी ताडून बघा.

काँक्रीट : समजा ३० बाय २० फुटांचा, ५ इंच जाडीचा स्लॅब आहे. ६०० चौरस फूट गुणिले ५ इंच म्हणजे २५० घनफूट, अडीच ब्रास, म्हणजेच सुमारे ७.०८ घनमीटर. एम-२० या दर्जाच्या काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू, खडीचं १ : १.५ : ३ हे प्रमाण धरलं तर घनमीटरला साधारण आठ पोती लागतात. एकूण ५७ पोती, वाळू एक ब्रासच्या थोडी वर, खडी दोन ब्रासच्या थोडी वर. संध्याकाळी रिकामी पोती मोजा. ४५ भरली तर कुठेतरी माल पातळ गेला आहे. ही आकडेमोड जिला तोंडी येते, तिला साइटवर कोणी ‘ऑफिसात बसा’ म्हणत नाही.

पाणी : एम-२० च्या सळईच्या काँक्रीटला पाणी-सिमेंट प्रमाण ०.५५ च्या वर नको, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला साडेसत्तावीस लिटर. त्यात वाळूतला ओलावाही आला. पंधरा लिटरच्या दोन भरगच्च बादल्या पडल्या की मर्यादा ओलांडली. स्लॅबच्या दिवशी मालकाकडे भरीत-भाकरीचा किंवा शेवभाजीचा बेत असतो. दुपारी दोननंतर सगळ्यांना भूक लागते, आणि माल सरसर सरकावा म्हणून मिक्सरमध्ये हळूच जास्तीची बादली जाते. त्या वेळी मिक्सरपाशी उभं राहायचं. आपण सगळ्यांच्या शेवटी जेवायचं.

स्लॅब टाकण्याआधी कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई फळीला टेकू नये म्हणून खाली ठेवायचे ठोकळे, बघा : स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४०, फूटिंगला ५०. माझ्या हातून पहिल्याच स्लॅबला एका कोपऱ्यात ते राहून गेले. सेंट्रिंग काढल्यावर सळया उघड्या दिसल्या. दुरुस्ती झाली, पण मला रात्री झोप आली नाही. तेव्हापासून स्लॅबच्या आदल्या दिवशी मी स्वतः वाकून सगळ्या चौकोनांत बोट घालून बघते. सळयांचं अंतर, कड्या, सांध्यांची लांबी, विजेचे पाइप, टेकू ओळंब्यात आहेत का, हेही तेव्हाच. एकदा माल पडायला लागला की कोणी थांबत नाही.

पायाच्या लाइनआउटला, म्हणजे जमिनीवर आखणी करताना, ३-४-५ चा काटकोन लावा (एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला ४ मोजलं की तिरकं ५ यायला हवं) आणि खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले की काम सरळ.

आपल्या भागातली खास गोष्ट म्हणजे काळी माती. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया ठेवलेलं घर दोन-तीन वर्षांत तिरपे तडे दाखवतं. पाया मुरमापर्यंत उतरवा, जोत्यात भर मुरमाची घाला, खोदलेली काळी माती परत आत ढकलू देऊ नका. मालक म्हणेल, ‘तीच भरा, ट्रॅक्टरचे पैसे वाचतील.’ तिथे ठाम राहायचं.

दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. स्लॅब पहाटे सुरू करा, खडीवर आदल्या रात्री पाणी मारा. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस पाणी मारायला सांगतं. उन्हाळ्यात मी चौदा दिवस धरते, स्लॅबवर वाफे करून पाणी साठवते. हे काम बहुधा एखाद्या मावशीकडे असतं. तिला ‘पाणी मार’ एवढंच सांगू नका. का मारायचं, भेगा कुठे पडतात, कोणती कड आधी वाळते, हे दाखवा. मग ती तुमची सगळ्यात भरवशाची तपासनीस होते.

मिस्त्रीला चूक दाखवताना चारचौघांत दाखवू नका. “मामा, जरा इकडे या,” म्हणून बाजूला घ्या, टेप त्यांच्याच हातात द्या आणि आकडा त्यांनाच वाचू द्या. मान राखला तर काम लवकर सुधारतं. मात्र चूक सोडायची नाही. संध्याकाळी वहीत लिहायचीच.

बाईमाणूस म्हणून जे सांभाळायचं

सेफ्टी बूट मुलींच्या मापात सहज मिळत नाहीत. मोठे बूट घालून परांचीवर चढणं धोक्याचं आहे, तेव्हा ठेकेदाराला माप लिहून द्या आणि आपल्या पायाचेच मागवा. ओढणी साइटवर नको, ती मिक्सरमध्ये किंवा सळईत अडकते. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, हेल्मेटखाली ओला रुमाल. रोज दोन-तीन लिटर पाणी प्या.

कोणी अंगाला हात लावला, घाणेरडं बोललं, रात्री-अपरात्री मेसेज केले, तर ते ‘साइटची भाषा’ म्हणून गिळू नका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान ठिकाणी, किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. तुमची वही इथेही कामाला येते : तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं. आणि हा कायदा घमेलं वाहणाऱ्या बाईलाही लागू आहे, हे तिला सांगणं आपलं काम आहे.

लग्न आणि बाळंतपण

बऱ्याच मुली इथे गळतात. काम जमत नाही म्हणून नाही. मधली दोन-तीन वर्षं कशी काढायची ते कोणी सांगत नाही म्हणून. बघायला येणाऱ्यांना साइटवर जाणार हे आधीच स्पष्ट सांगा. पात्र नोकरीत पहिल्या दोन अपत्यांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ती मागा. रजेनंतर परांचीवर चढणं जमत नसेल तर परिमाणं काढणं, दर विश्लेषण, बिलं, सळईची यादी, काँक्रीटचे क्यूब तपासणारी प्रयोगशाळा अशी कामं घ्या. सात आणि अठ्ठावीस दिवसांचे क्यूब फोडून अहवाल लिहिणं हे अचूकपणाचं काम आहे, आणि महामार्गाच्या प्रकल्पांवर त्याला मागणी असते. काम पूर्ण सोडू मात्र नका. महिन्यातून एका तरी घराचं अंदाजपत्रक करत राहा.

सरकारी नोकरी

सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद इथे पदविकेवर कनिष्ठ अभियंता, पदवीवर लोकसेवा आयोगाची स्थापत्य सेवा, असे मार्ग आहेत. महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. तापी पाटबंधारे विकास महामंडळाचं मुख्यालय जळगावातच आहे, आणि शेळगाव, पाडळसे, सुलवाडे-जामफळ या पाटबंधारे प्रकल्पांची नावं तुम्ही लहानपणापासून ऐकली असतील. विश्वेश्वरय्यांनी १८८४ साली नोकरी धरली तेव्हा सुरुवातीच्याच कामांत धुळ्याकडे पांझरा नदीपलीकडे पाणी नेणारा नळाचा सायफन होता. परीक्षेची तयारी करा, पण चार वर्षं फक्त अभ्यासिकेत बसू नका. नोकरी करत तयारी करणाऱ्या मुली मुलाखतीत वेगळ्या उठून दिसतात.

स्वतःचं काम

पाच-सात वर्षांनंतर हा विचार करा. बांधकाम विभागात सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी होते, आणि लहान सरकारी कामांचा एक वाटा अशा अभियंत्यांसाठी आणि मजूर सहकारी संस्थांसाठी राखलेला असतो. लागणारे कागद : पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी, ई-निविदेसाठी डिजिटल सही. बयाणा रक्कम अडकते, देयक उशिरा निघतं, सुरक्षा ठेव दोषदायित्वाचा काळ (कामातले दोष ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत) संपेपर्यंत परत येत नाही. म्हणून पहिलं सरकारी काम इतकं लहान घ्या, की सहा महिने पैसे आले नाहीत तरी मजुरांची खर्ची आठवडी बाजाराच्या दिवशी देता येईल. मजुरांचे पैसे थकवणाऱ्या ठेकेदाराकडे चांगला गवंडी पुन्हा येत नाही.

कारखानदारीकडे ओढा असेल तर दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या राखेपासून विटा करण्याचा धंदा आपल्या भागात आहे. केंद्राच्या पीएमईजीपी या रोजगार निर्मिती योजनेत महिलेला ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात.

खासगी घराचं काम घेताना भांडण नेहमी एकाच गोष्टीवर होतं : चौरस फूट कसे मोजायचे. गॅलरी पूर्ण धरायची की अर्धी? जिना धरायचा का? कंपाउंड, टाकी, गच्चीचा कठडा दरात आहेत की वेगळे? मजुरीचा ठेका आहे की मालासह? हे कामाच्या आधी साध्या मराठीत कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैशाचे टप्पे जोतं, स्लॅब, गिलावा, फरशी असे पाडा आणि प्रत्येक टप्प्याचे पैसे पुढच्या टप्प्याआधी घ्या.

शेवटच्या बिलाआधी मालकाला साइटवर बोलवा. टेपचं एक टोक त्यांच्या हातात द्या. दुसरं टोक धरायला कामावरच्या बायांपैकी एखादीला हाक मारा, आकडा तिलाच मोठ्यानं वाचू द्या, आणि वहीत लिहिताना तिला शेजारी उभं करा.